भवानीचं गिऱ्हाईक

मनुबाईच्या टीबीत प्रीतीचा काय फायदा होता? टीबीच्या पेशंटना गोळ्या पोचवणाऱ्या संस्थेचा पगार तर होताच, वर रोज सकाळी मांदेलीचा वाटा, तोही मोठ्या हाताने घातलेला. कोपरच्या मासळी बाजारात मनुबाईची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, प्रीतीच्या हातची. बाजाराला वाटायचं, पोरीचा हात लाभतो. लाभायचाच. नोटेच्या घडीत ती सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या द्यायची. मनुबाई त्या चहाबरोबर गिळायची आणि नात दक्षता शेजारी बसून कोळंबी सोलायची. गोळ्या चालू आहेत तोवर हिच्यापासून लागण नाही, असं डॉक्टर म्हणत; पण गिऱ्हाइकांना ते कोण पटवणार?

प्रीतीच्या संस्थेला पैसा परदेशातून यायचा. तिकडे सरकार बदललं, पैसा थांबला आणि इकडे टेंभी नाक्याजवळ हॉल घेऊन निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, बटाटेवडा. संस्थेचे साईनाथ सर म्हणाले, प्रकल्प यशस्वीरीत्या संपला.

"सर, पण माझे पेशंट अजून संपले नाहीत," प्रीती म्हणाली. मग आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली.

"अगं, गोळ्या सरकारच्या, त्या चालूच आहेत. जातील की आपल्या पायांनी!"

तरीही प्रीती मनुबाईच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली. खिडकीतल्या माणसाने तिचं मुदत संपलेलं ओळखपत्र परत सरकवलं. "पेशंटला पाठवा, मॅडम."

"रांगंत उभी ऱ्हाऊ? भर धंद्याच्या वेलेला?" मनुबाई उसळली. "गो, मी काय येडी हाय?"

प्रीतीने हातापाया पडून तिला पाठवलं. पदर नाकापर्यंत ओढून मनुबाई टीबीच्या रांगेत उभी राहिली आणि बाळाला लस द्यायला आलेली ऋजुता, तिचं पापलेटचं नेहमीचं गिऱ्हाईक, समोर आली.

"मावशी, तुम्ही? या रांगेत?"

दुसऱ्या दिवशी प्रीतीने पदरच्या पैशाने भवानी केली. मागून कोणीच आलं नाही. दुपारी बर्फ वितळून पाटीखाली ओघळला.

"रांगंत गेली तं धंदा जातो, नाय गेली तं जीव," मनुबाई म्हणाली. "धंदा लवकर जातो गो. जीवाचं मंग बगू."

तिने गोळ्या सोडल्या आणि पाटी डोंबिवली पूर्वेला नेली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. खोकला मात्र ओळख ठेवून होता. प्रीती खोपटला साडीच्या दुकानात लागली.

आता जमाखर्च. परदेशात कुणाचा तरी कर वाचला. सरांना यशाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ऋजुताला पापलेट दुसरीकडे मिळालं. प्रीतीने पगार भरला, मनुबाईने छाती. आणि दक्षता पाटीशेजारी बसून अधूनमधून खोकते; मनुबाई म्हणते, बर्फाची सर्दी हाय.