चंचीतली चार पांढरी पिसं

मित्रांनो, मी एक जुना चिमटा हाय. बोटाएवढा, काटे काढायचा. अंगाला गंज चढलाय, तोंड वाकडं झालंय. बघून हसाल तर हसा. पण माझं ऐकून घ्या. म्या एक वाईट काम केलंय अन् ते आजवर कुणाला सांगितलं नाय.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली करमाडच्या लोहारानं मला तुटक्या विळ्यातून घडवलं. त्याच गावच्या फकिरानं मला घेतलं अन् कमरेच्या चंचीत ठेवलं, सुपारी अन् तंबाखूच्या शेजारी. गावात कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की तो फकिराकडं यायचा. काटा निघाला की फकिरा त्याच्याच तळहातावर ठेवायचा. "हे बघ, आख्खा निघाला." दाखवल्याबिगर माणसाचं समाधान होत नाय. मलाबी लई अभिमान वाटायचा.

फकिराला नाद होता काळ्या कोंबड्यांचा. नुसत्या काळ्या नव्हं, उन्हात हिरवी झाक मारणाऱ्या. पण त्यात खरी वस्ताद भागूबाई, नाल्याच्या पल्याड राहणारी. नवरा वारल्यावर बारा वर्सं तिनं एकच वाण जपलं. पिल्लू पोटाखाली पिवळट असतं, त्यावर ती जायची नाय. मोठी पिसं आली की एकेकाचा पंख उकलून बघायची. बुडाशी जरा पांढरं दिसलं की त्याची पैदास बंद. असं करत करत तिच्याकडं सात कोंबड्या झाल्या. पंख उकलला तरी आत कोळसाच.

फकिराचा कोंबडाबी देखणा. मान ताठ, तुरा लाल. पण डाव्या पंखाखाली चार पिसं पांढरी.

औरंगाबादेला जनावरांचं प्रदर्शन भरलं. सकाळी मैदानाबाहेर लिंबाखाली फकिरानं कोंबडा मांडीत दाबला अन् मला बाहेर काढलं. मला वाटलं, कोंबड्याला काटा लागला.

त्याची बायको चतुराबाई जवळच होती. म्हणाली, "हे काय करताव?"

"पाव्हणे आल्यावर तू फाटकी गोधडी झाकतीस का नाय? तसंच हाय."

"गोधडी वरडत नाय."

कोंबडा वरडला. चारदा. धरलं म्या, वढलं म्या. पिसाच्या मुळाशी रगताचा थेंब होता. फकिरानं इकडं तिकडं बघितलं. ही पिसं त्यानं कुणाला दाखवली नाय. चंचीत माझ्याजवळ कोंबली.

नंबर देणाऱ्या साहेबानं पंख उकलला, मान डोलावली. पहिला नंबर! कोंबड्याला हार, फकिराला कप.

पुढच्याच हप्त्यात भागूबाईचा कोंबडा मुंगसानं मारला. वाण चालवायला काळा नर पायजे. ती फकिराच्या अंगणात आली.

"भाऊ, पंधरा दिवस कोंबडा द्या. पण खरं सांगा, याच्यात पांढरं नाय ना?"

"अवं ताई, साहेबानं कप काय डोळे झाकून दिला का?"

तिनं तरी पंख उकलला. "मग इथली पिसं कुठं गेली?"

"झुंज झाली त्याची," फकिरा म्हणाला. चतुराबाई उठून घरात गेली.

चार महिन्यांनी भागूबाई त्या पिलांतली एक तलंग, वयात येणारी कोंबडी, काखेत घेऊन आली. "बघा भाऊ. अकरातल्या पाचांना पांढरं आलं. तुमचा कोंबडा तर साहेबानं बघितलेला, साफ. म्हंजे खोट माझ्याच कोंबड्यांत. बारा वर्सं म्या आंधळीच राहिले."

फकिराच्या तोंडात पान होतं. चावायचं थांबलं.

बाजाराच्या दिवशी तिनं सातच्या सात कोंबड्या पाटीत घालून नेल्या अन् पाटी मोकळी घेऊन लंगडत माघारी आली. टाचेत काटा मोडला होता. फकिराच्या ओट्यावर टेकली. त्यानं मला काढलं. काटा माझ्या तोंडातून दोनदा निसटला. निघाला तवा त्यानं तिच्या तळहातावर ठेवला.

"सगळा निघाला का, भाऊ?"

"सगळा."

"लई हलका हात हाय तुमचा," ती म्हणाली अन् गेली.

ती पिसं तवा चंचीतच होती. काट्याशेजारी ठेवायची होती, बस. बाजार अजून उठला नव्हता. पळत गेला असता तर एखाददुसरी कोंबडी माघारी मिळाली असती. पण फकिरानं चंचीची दोरी आवळली. त्या दिवसापास्नं त्यानं मला हात लावला नाय. चंची कोनाड्यात टाकली, कपाच्या मागं. कुणी काटा घेऊन आलं की म्हणायचा, "दवाखान्यात जा." भागूबाईनं पुन्हा कोंबडी पाळली नाय. आता दोघंबी नाहीत.

मित्रांनो, मी लोखंड हाय. मला तोंड हाय, पण बोलता येत नाय. तरी सांगतो, लाज लोखंडालाबी वाटती. मला पुसा, तेल लावा, असं म्या म्हणायला पायजे. पण मला तेल नको. एवढंच करा. करमाडला आलात तर फकिराच्या घरातल्या त्या कोनाड्यातली चंची उघडा. तंबाखूमुळं पिसांना कसर लागली नाय. नाल्याच्या पल्याड भागूबाईची नात राहती. ती चारी पिसं तिच्या तळहातावर ठेवा अन् सांगा, "तुझ्या आजीच्या कोंबड्यांत खोट नव्हती."