अपुऱ्या घुमटाची पूर्तता

पलूसच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांतून वर निघालेला चर्चचा तो घुमट ज्या युरोपीय पाद्र्याने बांधवून घेतला, त्याला भिंतींतील खिडक्यांचा तिटकारा होता. प्रकाश वरूनच यावा, हा त्याचा आग्रह. म्हणून माथ्यावर काचेच्या झरोक्यांची एक छत्री उभारली गेली आणि बरोबर तिच्याखाली वेदी. विजापूरकडच्या गवंड्यांनी चुना असा घोटला होता की घुमटाला कधी तडा गेला नाही. त्याला धोका होता तो फक्त कृतज्ञतेचा.

बहात्तरच्या दुष्काळात फादर पास्कोल यांनी चर्चच्या आवारात गावाला सुकडी वाटली. पुढे पाऊसपाणी झाल्यावर उपकार फेडावेत म्हणून गावाने चर्च नीट न्याहाळले आणि ते अपुरे ठरवले. घुमटाला कळसच नव्हता.

लष्करातून सुभेदार होऊन परतलेले सरपंच हंबीरराव भेटीला आले.

"आवं फादर, कळस न्हाई म्हंजे देऊळ अर्धंच. मुंडकं नसलेल्या मानसाच्या कोन पाया पडतंय?"

"उजेड तिथूनच येतो, सुभेदार. छत्री झाकली तर वेदीवरचं पुस्तकसुद्धा मला दिसायचं नाही."

"मग दार उघडं ठेवा की. दारातनं काय अंधार येतोय?"

फादरांनी साफ नकार दिला. पण नको म्हणणाऱ्याच्या पानात आग्रहाने वाढायचे, हा त्या मुलखाचा संस्कार. गावाने नकाराला विनय मानले. फादर पुण्याला गेले, तेही चर्चच्या भारतीयीकरणावरील शिबिराला. परतले तेव्हा झरोके विटांनी बुजले होते. वर तासगावच्या जिनदत्त शेटजींनी अर्पण केलेला पितळी कळस होता आणि कळसावर क्रूस, कारण गाव संकुचित नव्हते.

आत मिट्ट काळोख. गावातली म्हातारी अंबूबाई उंबऱ्याला हात लावून समाधानाने म्हणाली, आता कुठे गाभारा झाला. उजेडात उघडा बसलेला देव तिला कधी बरा वाटलाच नव्हता.

एकदा चढवलेला कळस उतरवणे म्हणजे गावावर अरिष्ट. तरीही हंबीररावांनी शब्द दिला की पुण्याचा जाणकार सांगेल तसे करू. फादरांनी वास्तुकलेच्या एका प्राध्यापकांना बोलावले.

प्राध्यापक बॅटरी घेऊन आले. झरोके बुजवणाऱ्या विटा त्यांनी घुमटाइतक्याच जुन्या ठरवल्या आणि पाश्चात्य घुमटात भारतीय गर्भगृहाचा अंधार योजणाऱ्या त्या पाद्र्याच्या द्रष्टेपणावर गावासमोर व्याख्यान दिले.

"हा अंधार गेल्या दिवाळीचा आहे, सर," फादर म्हणाले.

प्राध्यापक हसले. श्रद्धाळूंना स्वतःच्या वास्तूचे मोल कळत नाही, असे म्हणून एका विटेलाही हात न लावण्याचे वचन त्यांनी गावाकडून घेतले. गावाने ते आनंदाने दिले.

पुढच्या रविवारी फादरांनी वेदीचे मेज अंगणात आणवले. पुस्तकावर लख्ख ऊन पडले. प्रार्थना सुरू होते न होते तोच वेशीकडून ढोल ऐकू आले. पुढे फेटा बांधलेले हंबीरराव, मागे गुलाल उधळणारा गाव.

"देव भाईर काढलासा आन् आमाला सांगितलं न्हाई? पालखी कोन उचलनार?"

चौघांनी मेजाला खांदा दिला. अक्षरे आता स्वच्छ दिसत होती. पुस्तक मेजासकट गावप्रदक्षिणेला निघाले होते, आणि उरलेली प्रार्थना फादरांना त्याच्यामागून चालतच वाचावी लागली.