शेजारची खुर्ची

आमच्या संस्थेच्या श्रीनिवास सरांनी जेवणाला कोण कुठे बसणार याचा तक्ता करून दिला होता. तो मी बदलला. अतिशहाणपणा, दुसरं काय!

सिंगापूरला, आमच्या सेंगकांगच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणी नुसतं "तुम्ही पुण्याच्या का?" म्हणालं, तरी मी त्याला रविवारी पोहे खायला बोलावते. परदेशात शेजारच्या गावचा माणूस म्हणजे घरचाच. त्या दिवशी जुरोंग ईस्टच्या एका हॉटेलात आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांची बैठक होती आणि आमची संस्था यजमान. दोघांमधल्या नदीवरचा पूल एकवीस वर्षं बंद होता. तो उघडायच्या करारावर दुपारी तीनला सह्या व्हायच्या होत्या. सही करणार होते नदीच्या अलीकडचे खासदार ओबांडा आणि पलीकडचे मंत्री, एक निवृत्त जनरल. सरांनी त्यांना चार टेबलं सोडून बसवलेलं. मला ते कसंतरीच वाटलं. मी दोघांच्या नावाच्या पाट्या शेजारीशेजारी ठेवल्या.

सकाळी ओबांडा बोलले. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.

"पुलावरच्या चौकीत सैनिकांनी माझ्या भावाकडे कागद मागितले. त्याच्याकडे नव्हते. त्याला कठड्याशी बसवून त्यांनी कोयत्याने वार केले. मी हात मध्ये घातला. त्याला नदीत ढकललं तेव्हा तो जिवंत होता. माझी वहिनी तेव्हापासून पलीकडे अडकली आहे. आज पहाटेपासून ती पुलाच्या तोंडाशी उभी असेल. मला सूड नको. आमच्या खंडातल्या सगळ्या सीमा काढा. आम्ही एकाच घरातली माणसं आहोत."

मी ढसाढसा रडले. सैनिक कुणाचे, हे ते बोलले नाहीत आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

जेवताना जनरल मोठे प्रेमळ. त्यांनी स्वतः ओबांडांना भात वाढला, तेव्हा त्यांचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

"अरेरे, मशीनमध्ये गेली का बोटं?"

"पुलावर," ओबांडा म्हणाले. "तुमच्या चौकीत."

"असं होय!" जनरल हसले. "तिथे इतके जण यायचे, कुणाकुणाला लक्षात ठेवणार?"

ओबांडांनी पाण्याचा काचेचा जग उचलून त्यांच्या तोंडावर फोडला. दात टेबलावर पडले. जनरल खुर्चीसकट मागे कोसळले. ओबांडा त्यांच्या छातीवर बसले आणि हातात उरलेल्या काचेने मारत राहिले, गालावर, डोळ्यावर, पुन्हा डोळ्यावर. मी त्यांची कॉलर ओढली तर कोपर बसून माझा ओठ फुटला. चार वेटरांनी मिळून त्यांना बाजूला केलं.

जनरल जगले. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं, तेव्हा त्यांच्या सचिवाने कराराची फाईल काखेत मारली आणि तोही मागोमाग गेला.

पोलिसांनी बेड्या घातल्यावर ओबांडांनी मला विचारलं, "मला त्याच्या शेजारी कुणी बसवलं?"

"मी," मला रडू आवरेना. "सर, मला खरंच वाटलं, तुम्ही एकाच घरातली..."

 ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"एकवीस वर्षं सांगत फिरतोय मी हे," ते म्हणाले. "खरं मानणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मग त्यांनी मला आपल्या खिशातला फोन काढायला सांगितला.

"वहिनीला फोन लावा. म्हणावं, उभी राहू नकोस. घरी जा."