डांबराचे एकवीस ठिपके

मित्रांनो, माझ्या पाठीवर डांबराचे एकवीस ठिपके कसे आले, याचे निवेदन मी आज सत्याला स्मरून करणार आहे. निवेदन दुःखद आहे, तरी कृपया शेवटपर्यंत ऐकावे.

मी एक जुना पत्रा आहे. जस्ताचा मुलामा देऊन व अंगावर लाटा पाडून मला कारखान्यातून पाठवण्यात आले, तेव्हा मी चांदीसारखा चकाकत होतो. दोन भावांच्या धुलाईखान्यावर माझी नेमणूक झाली. थोरला भाऊ उकळत्या हौदात चादरी धुई, त्याची बायको इस्त्री करी आणि धाकटा धुतलेले गठ्ठे गिऱ्हाइकांकडे पोचवी. हौदाची वाफ मोभाजवळच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या, फटीतून निघून जाई. कित्येक पावसाळ्यांत मी एक थेंब आत येऊ दिला नाही. छप्पर असावे तर असे, असे थोरला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि मी मनोमन फुलून जाई.

एका हिवाळ्यात गारठा सोसेना, म्हणून थोरल्याने ती फट गोणपाटाने गच्च बुजवली. वाफ आतच कोंडली. माझी पाठ थंडीने गारठलेली असे. वाफ माझ्या पोटाला लागताच तिचे पाणी होई, आणि खिळ्यांच्या गंजाने तांबूस झालेले थेंब शुभ्र चादरींवर पडत. इस्पितळातून डागाळलेला गठ्ठा परत आला. थोरला म्हणाला, छप्पर गळतंय.

मित्रांनो, या एका शब्दाने घात केला. गळते म्हटल्यावर भोक शोधणे आलेच.

धाकटा डांबराचा डबा घेऊन वर चढू लागला. आत जिथे थेंब दिसे, तिथे तो वर ठिपका देई. दुसऱ्या दिवशी थेंब भलतीकडेच. थोरला टोमणा मारी की ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, तो भोक काय बुजवणार. धाकटा हसून वहिनीला सांगे की आता माझे ताट छपरावरच पाठवत जा.

एके सकाळी माझी पाठ दवाने निसरडी झाली होती.

"भावोजी, जरा ऊन पडू द्या," वहिनी म्हणाली.

"तोवर चादरींचं काय?" थोरला म्हणाला. "चढतोस, की मी चढू?"

धाकटा चढला. एकविसावा ठिपका देऊन तो उभा राहिला, आणि त्याचा पाय सरकला. मला हात नाहीत. त्याची नखे माझ्या लाटांवरून खरडत गेली. खाली फरशी होती. तो पुन्हा उठला नाही.

महिन्याभराने पत्र्याचे काम करणारा मिस्त्री आला. त्याने माझे पोट फडक्याने पुसले आणि नुसता पाहत राहिला. थोड्याच वेळात कोरड्या जागी पुन्हा थेंब धरले.

"शेवटचा पाऊस कधी पडला, दादा?"

"तीन महिने झाले."

"मग गळतंय कुठून? ह्याला घाम येतोय."

थोरल्याने बुजवलेल्या फटीकडे पाहिले. वहिनीने शिडी लावली आणि सारे गोणपाट उपसून काढले.

मिस्त्रीने भिंतीच्या तळाशी हवा आत येण्यासाठी जाळ्या बसवल्या. माझ्याखाली थंडी अडवणारा जाड थर लावला, आणि त्याच्या आतल्या बाजूने वाफ शिरू नये म्हणून चकाकता पडदा ताणून त्याचे सांधे चिकटवले. आता मी कोरडा आहे. पण छप्पर असावे तर असे, हे वाक्य पुन्हा माझ्या कानी आले नाही. थोरला मान वर करून पाहतच नाही.

म्हणून मित्रांनो, कोरड्या दिवसांत पत्र्यातून पाणी टपकले, तर कृपया शिडी आणू नका. आधी वाफेला वाट आहे का, ते पाहा. माझ्या पाठीवर एकवीस ठिपके आहेत. त्यांतल्या एकाखालीही भोक नाही.

आपण ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे.

आपला नम्र,
मोभालगतचा पत्रा