एक दिवसाआड

हरेश्वरांनी पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, लावलं आणि कान देऊन ऐकलं. मग शेजारच्या निळ्या गाडीचंही तसंच केलं. दोन्ही दारं सारखीच वाजली, तरी त्यांनी निळीचं दार पुन्हा एकदा लावून पाहिलं.

“बाबा, दार काय बघता? बॅटरी बघायची,” तेजस्वी म्हणाली.

“बॅटरी दिसते कुठं? दिसतं ते बघतो.”

हायवेलगतच्या त्या शोरूममध्ये दोन्ही गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. दोन्ही विजेवर चालणाऱ्या, दोन्ही उंच बांध्याच्या, आणि दोघींची किंमत जवळपास सारखी. अडचण तीच होती. निळीत पैसा बॅटरीत गेला होता आणि पांढरीत सोयींमध्ये. चारी बाजूंना कॅमेरे, बसल्या जागी गार हवा सोडणाऱ्या सीट, छताला सरकती काच. किंमत सारखी असली की बाकीचं सगळं मोजून ठरवावं, असं तेजस्वीचं मत होतं, आणि मोजण्यात तिला रस होता. ती बोईसरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. गोखिवऱ्याहून रोज जाऊन-येऊन करायची. तिने घरीच ठरवून टाकलं होतं. निळी.

तिच्या नवऱ्याचा, जितेशचा जीव मात्र त्या सरकत्या काचेवर होता. पांढरीत बसून त्याने बटण दाबलं.

“बाबा, हे बघा. सनरूफ.”

हरेश्वरांनी वाकून आत पाहिलं. काच मागे सरकून शोरूमचे दिवे दिसायला लागले होते.

“आमी जन्मभर छपराची भोकं बुजवली,” ते म्हणाले. “तुमी पैसं देऊन पाडून घेता.”

गाड्या दाखवणारी संपदा मोकळेपणाने हसली. मग तेजस्वीकडे वळून तिने विचारलं, “मॅडम, चार्जिंगचं काय? सोसायटीत पॉइंट आहे?”

“अर्ज दिलाय, पण कमिटी हलत नाही. तोपर्यंत गावी, गासला लावू, बाबांच्या घरी. अंगण आहे.”

“एकदा भरली की किती दिस पुरंल?” हरेश्वरांनी विचारलं.

“ते वापरावर आहे, काका.”

“माझ्या वापरावर सांगते,” तेजस्वी म्हणाली. “निळी तीन दिवस जाईल. जरा जपून चालवली तर चौथाही निघेल.”

“आन् ही?”

“हिला एक दिवसाआड लावावी लागेल.”

हे शब्द तिने तोंड वाकडं करूनच उच्चारले. गोखिवऱ्यात त्यांच्या इमारतीत पाणी एक दिवसाआड यायचं. बाल्कनीतलं निळं पिंप, न्हाणीघरात ओळीने मांडलेल्या बादल्या, मोटार कोणी चालू ठेवली यावरून जिन्यात लागणारी भांडणं, एवढं सगळं त्या शब्दांमागून यायचं. नव्या गाडीत तरी तिला ते नको होतं.

हरेश्वरांनी निळीच्या बॉनेटवर टेकवलेला हात काढून घेतला. पांढरीला एक वळसा घातला. पुढच्या चाकाशी थांबले, उगाच टायरला पाय लावून पाहिला.

“मला ही बरी वाटते,” ते म्हणाले.

“ही? का?”

“वारा येतो वरनं.”

“मघाशी ते भोक होतं.”

“मंग? वारा भोकातनंच येतो ना.”

जितेशने स्टिअरिंगवर टाळी वाजवली. “दोन विरुद्ध एक. सासरेबुवा आपल्या पक्षात.”

चार्जर कुठे बसवायचा त्या जागेचे फोटो संपदाला हवे होते, आणि टेस्ट ड्राइव्हसाठी त्या वेळी पांढरीच मोकळी होती. मग चौघंही तिच्यातूनच गासला निघाले. गाडी तेजस्वी चालवत होती. शेजारी हरेश्वर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यांकडे बसावं तसे.

नालासोपाऱ्याचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरेपर्यंत ती मनात आकडेमोड करत होती. कामावरून येताना हायवे सोडायचा, ही सगळी गर्दी कापायची, गाडी गासला लावायची. जितेशने बाइकवरून न्यायला यायचं, सकाळी परत आणून सोडायचं. तीन दिवसांतून एकदा जमेल. एक दिवसाआड अशक्य.

इमारती मागे पडल्या आणि केळीच्या बागा लागल्या. वळणावर रस्त्यातच एक कुत्रा झोपला होता. गाडी जवळ येऊन थांबली तरी त्याचा कान हलला नाही. तेजस्वीला हॉर्न वाजवावा लागला.

“आवाजच नाय हिला,” हरेश्वर म्हणाले. “घरात बसलेल्याला कळनार कसं, कोन आलं ते?”

“फोन करू ना येताना.”

“हां. फोन.”

घरापाशी ते सगळ्यांच्या आधी उतरले. ओटीच्या बाजूला वर्षानुवर्षं जळणाची लाकडं रचलेली असायची, तो कोपरा रिकामा होता. जमीन ठोकून सारखी केलेली, वर नवा पत्रा. संपदाने भिंतीचे, मीटरचे फोटो काढले.

“मुक्काम रातचाच ना हिचा?” हरेश्वरांनी तिला विचारलं.

“मुक्काम म्हणजे?”

“भरायला रात लागंल ना?”

“हो काका. घरच्या पॉइंटवर रात्रभर लावून ठेवायची. सकाळी तयार.”

“मंग बरं हाय.”

तेजस्वी पाणी प्यायला आत गेली. स्वयंपाकघरातून परतताना मधल्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून थांबली.

आई गेल्यापासून तिने या घरात एक रात्र काढली नव्हती. येत होती, तासभर बसायची, चहा घ्यायची, परसातल्या तोंडल्यांची पिशवी घेऊन निघायची. तिला वाटायचं, बाबांनाही तेच बरं पडतं. ते कधी राहा म्हणाले नव्हते.

मधल्या खोलीतल्या जोडपलंगावर मच्छरदाणी लावलेली होती. नवी, घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. आत दोन उश्या. उशाशी भिंतीवर मोबाइल लावायचा नवा पॉइंट, भोवतीचं सिमेंट ओलसर करडं. हरेश्वर बाराही महिने ओटीवर झोपायचे. त्यांचा फोन तिथेच, खिडकीत चार्ज व्हायचा.

तिने मच्छरदाणीची कड चिमटीत धरून पाहिली. बाहेर जितेश संपदाला वेटिंग किती आहे ते विचारत होता.

पर्समधला फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी सदानंद होते. ती मागच्या पायरीवर गेली.

“मॅडम, पेढे काढा. कमिटीने तुमचा पॉइंट पास केला. अगदी तुमच्या पार्किंगच्या खांबावर. उद्या माणूस बोलावलात तरी चालेल.”

तोंडल्यांच्या मांडवाखाली बाबांच्या परसात घालायच्या जुन्या चपला पडल्या होत्या. तेजस्वी त्यांच्याकडे बघत राहिली.

“मॅडम?”

“काका, सध्या राहू दे तो पॉइंट.”

“अहो, पावसाळ्यापासून तुम्हीच माझ्या मागे होता.”

“हो. माफ करा. इकडे सोय झालीय.”

ती बाहेर आली तेव्हा संपदा मोबाइलवर माहिती भरत होती. “कुठली धरू, मॅडम? निळी ना?”

“पांढरी.”

जितेशने चमकून पाहिलं. “आणि बॅटरीचं काय झालं?”

“वारा येतो वरून,” तेजस्वी म्हणाली.

“मी पहिल्यापासून हेच सांगतोय,” जितेश संपदाला म्हणाला.

हरेश्वर खाली वाकून ठोकलेल्या जमिनीतला एक खडा नखाने उकरत होते. तो निघाला, तसा त्यांनी कुंपणापलीकडे टाकला.

“कोनाचा फोन होता?”

“सोसायटीचा. पाण्याचं काहीतरी.”

“आज आलं नाय?”

“उद्या येईल. एक दिवसाआड असतं ना.”

हरेश्वरांनी हात झटकले आणि नव्या पत्र्याकडे पाहिलं.

“एक दिवसाआड काय वाईट नाय,” ते म्हणाले.