युतने सांगितलेला कम्रोन

माझा मामेभाऊ युत आठवड्यातून तीनदा परदेशी पाहुणे घेऊन माझ्या खाण्याच्या गाडीवर यायचा आणि दोन वर्षं मी त्याचे उपकार मानत होते. हे आधीच सांगते, कारण या सगळ्यात मला माझाही राग आहे.

त्याची फेरी ठरलेली असायची. सकाळी टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या. तिथे माकडं कोणाचा तरी चष्मा नाहीतर पाण्याची बाटली पळवणार, त्यावर सगळे हसणार. वरून किनारा आणि बेटं बघायची, फोटो काढायचे, खाली उतरायचं. मग धक्का, मग जाळ्यांवर वाळत घातलेली माकुली मासळी आणि त्या वासाने भूक चाळवली की माझ्याकडे कालवांचं धिरडं. शेवटी नारळाच्या दुधातली मिठाई खायला चमॉयच्या दुकानात.

आमच्या प्रचुआप गावात कालवांची धिरडी बरेच जण करतात. पण तव्यातून धूर निघेपर्यंत थांबायची सवय फक्त मला आहे. पीठ पडल्या पडल्या कडा जाळीदार व्हायला हव्यात आणि कालव आत नुसतं घाबरल्यासारखं आकसायला हवं, शिजून रबर व्हायला नको. माझी आई शेजारी स्टुलावर बसून मुगाच्या मोडांची सालं काढते. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, एका कानाने कमी ऐकते, पण एक साल राहू देत नाही.

युतचे पाहुणे खायला बसले की तो उभा राहून त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगायचा. फुकेतच्या हॉटेलात दहा वर्षं काढलेला माणूस, त्याचं इंग्रजी पाण्यासारखं. मला त्यातलं 'थँक्यू' सोडून काही कळत नाही. पण सांगून झालं की पाहुणे गप्प व्हायचे. हळूहळू खायचे. आईकडे बघायचे. एक दाढीवाला आडदांड माणूस चक्क डोळे पुसत होता. एका बाईने जाताना आईचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

मला वाटायचं, चटणी तिखट होतेय. म्हणून मी मिरच्या कमी केल्या. माझे वडील असते तर त्यांनी माझ्या हातातून उलथनंच काढून घेतलं असतं. तरी लोकांचे डोळे भरून यायचेच. मग मला वाटायला लागलं, की धिरडंच तसं होत असणार. कोणाला सांगितलं नाही, पण वाटायचं.

नोव्हेंबरात एका शनिवारी युत आठ जणांना घेऊन आला. त्यांच्या शेजारच्या टेबलावर आपलीच माणसं होती, नखोन सवानहून सुट्टीवर आलेलं एक जोडपं. नवरा मान खाली घालून खात होता. बायकोने मात्र निम्मं धिरडं टाकून युतकडे तोंड केलं होतं. युतचं सांगणं संपलं, त्याने पाहुण्यांना खाऊ दिलं आणि तो पुढे मिठाईचं बघून येतो म्हणून चमॉयकडे गेला. तेव्हा ती बाई उठून माझ्यापाशी आली आणि तिने हात जोडले.

"मी शाळेत इंग्रजी शिकवते," ती म्हणाली. "ऐकायचं नव्हतं, पण कानावर पडलं. तुमच्या भावाचं फार वाईट झालं हो."

"भावाचं काय?" मी म्हटलं.

"हेच, समुद्रात गेले ते. आणि सातव्या दिवशी याच पुळणीवर, तुमच्या गाडीसमोर, देह लागला ते. आईंनी गळ्यातल्या ताइतावरून ओळखलं म्हणे. तेव्हापासून त्या रोज पहिलं धिरडं समुद्राला देतात ना? अंगावर काटा आला माझ्या."

तव्यावर धिरडं होतं. ते जळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

माझा भाऊ कम्रोन अकरा वर्षांपूर्वी माकुलीच्या बोटीवर गेला. बोट उलटली, तिघे परत आले, तो आला नाही. सरकारी बोटी नऊ दिवस फिरल्या. चप्पलसुद्धा सापडली नाही. मामाने भिक्खूंना बोलावून क्रिया उरकायचं काढलं, तेव्हा आईने आतून दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. तिचं म्हणणं, कंबोडियाच्या एखाद्या बोटीने त्याला उचललं असेल, कागदपत्रं नाहीत म्हणून अडकला असेल. मी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. आमच्या घरात त्याचं नाव ताटाला ताट लावून ठेवल्यासारखं जपून ठेवलेलं असतं, आवाज होऊ न देता.

आणि इथे युत आठवड्यातून तीनदा त्याला मारून पुळणीवर आणून टाकत होता. माझ्या धिरड्याबरोबर तोंडी लावायला. लोक रडत होते ते त्यासाठी. आणि मी मिरच्या कमी करत बसले होते.

मी बाईंना काही बोलणार, तेवढ्यात मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. आई उभी होती. चांगल्या कानाची बाजू आमच्याकडे होती.

"कुठे सापडला?" आईने बाईंना विचारलं.

बाई गोंधळल्या. "आजी, मी फक्त त्या गाईडने सांगितलं ते…"

"कुठे म्हणाला? या इथे?" आईने पुळणीकडे हात केला.

"आई, खोटं आहे ते," मी म्हटलं. "युतने बनवलंय."

आईने माझ्याकडे बघितलं. असं तिने माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला सोसणार नाही म्हणून लपवलंत. कुठे पुरलंत? का जाळलंत?"

"आई, कोणी काही लपवलेलं नाही."

"मग युत का सांगेल? घरचाच ना तो?"

आणि ती चालायला लागली. चपला न घालता, हातात मोडांची चाळण तशीच धरून, रस्ता ओलांडून, पुळणीवर. वाळूत चार पावलं जाऊन थांबायची, खाली बघायची, पुन्हा चालायची. पाहुण्यांपैकी एका मुलीने फोटो काढायला फोन वर केला. बाईंनी तिला इंग्रजीत दोन शब्द सुनावले, तसा फोन खाली गेला.

"आईजवळ थांबा," मी बाईंना म्हटलं आणि निघाले. उलथनं हातातच होतं. ते ठेवायचं सुचलं नाही, असं नंतर मामाला सांगितलं. खरं म्हणजे ठेवायचं नव्हतं.

युत चमॉयच्या दुकानात काउंटरला टेकून मिठाई चाखत होता.

"चल," मी म्हटलं.

"काय गं ताई, झालं त्यांचं खाऊन?"

"कम्रोन कोणत्या दिवशी लागला पुळणीवर?"

त्याच्या तोंडात मिठाई होती, ती त्याने गिळली. चमॉय एकदा त्याच्याकडे, एकदा उलथन्याकडे बघत होती.

"हे बघ ताई," तो म्हणाला, "आधी ऐकून घे. नुसतं खाणं कुठेही मिळतं. हुआ हिनसारख्या शहरात काय कमी आहे? हे लोक एवढ्या लांब येतात, त्यांना काहीतरी मनात घेऊन जायचं असतं. सगळेच गाईड थोडंफार रंगवतात. त्यांना कुठे आपली भाषा कळते, आणि तुला कुठे त्यांची? कोणाचं काय बिघडलं?"

"तुझा भाऊ नव्हता का तो? त्याच्या सायकलवर तू शिकलास."

"म्हणून तर म्हणतो. त्याची आठवण तरी राहते लोकांत."

मी त्याला मारलं नाही. चमॉय सगळीकडे सांगत फिरते की मी मारलं. मी फक्त त्याच्या शर्टाची बाही धरली आणि चालायला लागले. तो माझ्याहून वीतभर उंच आहे, पण मी रोज लोखंडी तवा उचलते. रस्त्यात तो हळू आवाजात म्हणत राहिला, "पाहुण्यांसमोर नको ताई, हवं तर रात्री घरी येऊन आत्याच्या पाया पडतो." मी बाही आणखी घट्ट धरली. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, माझा मलाच भरवसा नव्हता.

आई पुळणीवर खाली बसली होती. बाई तिच्याशेजारी वाळूत गुडघे टेकून होत्या.

"सांग आत्याला," मी म्हटलं.

युत उकिडवा बसला. "आत्या, मी ते आपलं गोष्ट म्हणून सांगत होतो. कम्रोनदादा सापडलेला नाही. खरंच नाही."

"हिने धरून आणलं म्हणून म्हणतोस."

"नाही आत्या. बुद्धाची शपथ."

"सातवा दिवस कसा माहीत तुला?"

"मनाने सांगितला. आठवा म्हटलं असतं तरी चाललं असतं."

'चाललं असतं' म्हणाला. मी हे विसरणार नाही.

आईने चाळणीतली वाळू बोटाने बाजूला केली. मग म्हणाली, "ताइतावरून ओळखलं म्हणालास?"

"हो. म्हणजे, तसं सांगितलं."

"कम्रोन बोटीवर जाताना ताईत काढून माझ्याकडे देऊन जायचा. माकुलीच्या शाईने त्यावरच्या बुद्धाचं तोंड काळं होतं म्हणून. तुला एवढंही ठाऊक नव्हतं." मग आई माझ्याकडे वळली. "खोटं बोलतोय. चांगलं झालं." आणि ती माझ्या हाताला धरून उठली.  

आम्ही गाडीशी आलो. पाहुणे ताटं पुढ्यात घेऊन बसले होते, कोणी खात नव्हतं. आई त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"आता यांना सांग," ती युतला म्हणाली. "यांच्या भाषेत. माझा मुलगा सापडलेला नाही म्हणावं."

युतने घसा साफ केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि बोलायला सुरुवात केली. छान, मऊ आवाजात. पाहुणे माना डोलवायला लागले. त्या फोनवाल्या मुलीने आईकडे बघितलं, डोळ्यांत पाणी आणून.

मी बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"तो म्हणतोय," त्या म्हणाल्या, "की आजींना अजून मुलाचं जाणं मान्य नाही. डोक्यावर परिणाम झालाय. अधूनमधून अशा पुळणीवर शोधायला जातात. तुम्ही सांभाळून घ्या."

मला वाटत होतं राग आधीच शेवटाला गेलाय. तो नव्हता गेला.

"तुम्ही सांगा," मी बाईंना म्हटलं. "जसंच्या तसं."

युत मध्ये बोलायला गेला. तेव्हा बाईंचा नवरा, ज्याने सबंध वेळात एक शब्द काढला नव्हता, त्याने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, बसा. माझी बायको बोलतेय."

बाई वर्गात बोलतात तशा बोलल्या, सरळ, न थांबता. काय बोलल्या ते मला त्यांनी नंतर सांगितलं: ही म्हातारी शहाणी आहे, हिचा मुलगा अकरा वर्षं बेपत्ता आहे, देह सापडलेला नाही, या माणसाने ते तुमच्यासाठी रचलं आणि आत्ता पुन्हा रचलं.

 एका पाहुणीने काटा खाली ठेवला. एका तरुणाने युतला काहीतरी विचारलं. बाईंनी सांगितलं, की आता मिठाईला जायचं की नाही, असं तो विचारतोय. एक म्हातारा मात्र उठला, आईसमोर आला आणि त्याने विचारलं, मग मुलाचं काय झालं?

बाईंनी ते आईला सांगितलं.

"मला माहीत नाही," आई म्हणाली. "त्याला सांगा, मला माहीत नाही. आणि धिरडं गार करू नका."

अकरा वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कंबोडियाची बोट नाही, कागदपत्रं नाहीत. नुसतं, माहीत नाही. ती परत स्टुलावर बसली आणि वाळू लागलेले मोड धुवायला घेतले. मी तव्यावरचं जळकं खरवडत राहिले. तवा स्वच्छ झाल्यावरही खरवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मामा आला. म्हातारा माणूस, युतचा बाप, माझ्या आईचा सख्खा भाऊ. चहा घेतला नाही.

"चारचौघांत पोराची अब्रू घेतलीस," तो मला म्हणाला. "पोटावर पाय दिलास त्याच्या. घरातलं घरात मिटवायचं."

"घरातलं बाहेर कोणी नेलं मामा?"

"त्याने काय वाईट सांगितलं? कम्रोनचं कौतुकच केलं ना?"

आई आतून म्हणाली, "त्याला मेलेला सांगितलं. तू भाऊ आहेस माझा, म्हणून एवढंच बोलते. चप्पल घाल आणि जा."

युतने माझ्याकडे येणं बंद केलं. आता तो पुळणीच्या दुसऱ्या टोकाला सोमफितच्या गाडीवर पाहुणे नेतो. तिथेही तो सांगतो. सोमफितचा नवरा वादळात गेला, असं सांगतो म्हणे. तिचा नवरा मागच्या खोलीत झोपाळ्यात पडून टीव्ही बघत असतो. मी सोमफितला सांगितलं. ती हसली. "सांगू दे की ताई, तसाही काय उपयोग आहे त्याचा," म्हणाली. तिला हसू येतं याचाही मला राग आला. माझ्याकडे गर्दी कमी झाली आहे. मिरच्या मी पूर्वीइतक्या केल्या, दुसऱ्याच दिवशी.

एप्रिलमध्ये आमच्या नवीन वर्षाला सगळी भावकी मामाकडे जमते. थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी घालायचं, वर्षभरात चुकलंमाकलं त्याची क्षमा मागायची. आई जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण तिने नवा ब्लाउज घातला आणि निघाली. थोरांच्या रांगेत मामाशेजारी बसली. मुलं, सुना, नातवंडं एकेक करून पुढे येत होती, आई प्रत्येकासाठी हात पुढे करत होती, पुटपुटत होती.

युत मोगऱ्याची फुलं घातलेली वाटी घेऊन आला. गुडघ्यांवर चालत, मान खाली घालून. आईसमोर थांबला.

आईने दोन्ही हात उचलले आणि आपल्या मांडीखाली घेतले. त्यांवर बसली.

"आत्या," युत म्हणाला.

आई त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. मामा खाकरला. कोणीतरी पंखा वाढवला. युत वाटी धरून किती वेळ बसला ते मी मोजलं नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, हात दुखून वाटी कलली आणि पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं. तेव्हा तो सरकून मामापुढे गेला.

घरी येताना आई म्हणाली, "मामाकडचं माशाचं सार खारट झालं होतं." मी हो म्हटलं. ते खारट झालं नव्हतं.