वाघबारशीला मी ऐकलेले

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. शर्टाच्या खिशात मावेन एवढाच. माझे आयुष्य तुम्हाला सांगण्याइतके मोठे आहे का, याची मला खात्री नाही. मी जन्मभर ऐकत आलो. बोललो तेही दुसऱ्यांचेच शब्द. पण गेल्या दिवाळीपासून एक गोष्ट माझ्या पोटात अडकून बसली आहे, म्हणून हा धीर करतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ते नाशिकमधले एक दुकान आणि काचेमागून मला उचलणारा हनीफ सरांचा हात. सर एका दैनिकात वार्ताहर होते. माणसे रोजच्या जगण्यात देवधर्म कसा पाळतात, हा त्यांचा विषय. इतरांना तो सोपा वाटे. सण आला की फोटो आणि भांडण झाले की बातमी. मधले साधे दिवस कोणालाच नको असत. सर नेमके त्या दिवसांत जात.

कोणाच्याही घरी गेल्यावर ते मला लगेच सुरू करत नसत. आधी चहा होई. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारत, "यांना चालू करू का? तुमची हरकत नसेल तरच." "तुम्ही काय मानता?" असे ते कधी विचारत नसत. "सकाळी उठल्यावर काय करता?" इथून सुरुवात असे. एकदा एका वसाहतीतल्या यशोदाबाईंनी त्यांना टोमणा मारला.

"साहेब, पेपरवाले आमच्याकडे दोनदाच येतात. जयंतीला आणि भांडणाला. मी रोज पहाटे बुद्धवंदना म्हणते, ते कोणी विचारलं नाही."

"आज साधा मंगळवार आहे," सर म्हणाले. "म्हणूनच आलो."

लिहून झाले की सर फोनवरून त्या माणसाचे शब्द त्यालाच वाचून दाखवत. "हेच म्हणालात ना? की मी माझं काही घुसडलं?" कचेरीत त्यांची चेष्टा होई. "हनीफभाई बातमी आणायला जात नाहीत, सोयरीक जमवायला जातात!" सरांनी एकदाच उत्तर दिले. "माझी आई नमाज पढत असताना कोणी घाईत फोटो काढून खाली वाटेल ते लिहिलं असतं तर? तेवढं आठवतो, बाकी काही नाही." त्यांच्या लेखांचे कौतुक झाले की ते माझ्या पाठीवर बोटाने हलकेच ठोकत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला सुयशच्या हातात दिले. "याला शेवटपर्यंत ऐकत जा." सुयश हुशार आहे, मनाचाही वाईट नाही, पण तो सदा घाईत. "हो सर," म्हणून त्याने मला खणात टाकले. तिथे गुंडाळलेल्या वायरी आणि मऊ पडलेली बिस्किटे यांच्या सोबतीने मी कितीतरी महिने काढले.

बाहेर निघालो तो वाघबारशीला. फोनची बॅटरी फोटोंसाठी राखून ठेवायची, म्हणून सुयशने मला घेतले. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर बिबट्या येत होता. दोन शेळ्या गेल्या होत्या. पिंजरा घेऊन वनखात्याची गाडी पेठपर्यंत आली होती. पाड्याने होकार दिला की ती पुढे येणार होती.

पाड्याच्या शिवेवर वाघदेव होता. एक लाकडी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले, वरून शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला गुराखी तिथे स्वयंपाक करतात, वाघाला नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरे सांभाळ म्हणतात. भागीबाई नावाची म्हातारी आपल्या वासराला दोरीने धरून उभी होती. वासराच्या गळ्यात घंटी होती.

सुयशने मला चालू करून दगडावर ठेवले. "आजी, पिंजरा लावू देणार की नाही?"

"आज नको."

झाले. सुयशला हवे ते मिळाले. तो फोन काढून शेंदरी वाघाकडे धावला.

"कुठं चालला रं? पुरतं ऐक तरी!" भागीबाईंनी हाक मारली. त्याने मान वळवली नाही. त्या हसल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "बरं, तुझं यंत्र ऐकतंय ना? मंग त्यालाच सांगते. आज त्याचा सण हाय. जेवायला बोलवायचं अन् दारात सापळा मांडायचा, असं करतं का कोनी? उद्या दिस उगवला की लावा पिंजरा. माझ्याच गोठ्यामागं लावा, तो तिकडूनच येतो. आत बांधायला बोकड मी देते. देव देवाच्या जागी, पन जनावर ते जनावर. लेकरं खेळत्यात इथं."

त्या बोलत होत्या आणि मागे वासराची घंटी वाजत होती. मी सगळे ऐकले.

संध्याकाळी कचेरीत पान लावण्याची गडबड होती. संपादक सविता मॅडमनी विचारले, "लोक काय म्हणतात?"

"पिंजरा नको म्हणतात."

"रेकॉर्डिंग आहे?"

"हे काय!" सुयशने मला हवेत हलवून दाखवले.

नुसते दाखवले, मित्रांनो. ऐकवले नाही, स्वतःही ऐकले नाही. मी त्याच्या मुठीत होतो, भागीबाईंचा शब्द न् शब्द माझ्या पोटात होता आणि एक बटण दाबायचे त्या दोघांना सुचले नाही. मला आपणहून बोलता येत नाही याचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

सकाळी बातमी आली. "बिबट्या दारात, तरी पिंजरा नको! वाघाच्या पूजेत पाडा दंग." खाली 'अंधश्रद्धा' हा शब्द तीनदा होता. पेठची गाडी दुसऱ्या गावाला गेली. भागीबाई वनखात्याकडे विनवायला गेल्या, तर तिथल्या लोकांनी सांगितले, "आजी, तुमचाच विरोध छापून आलाय की!" बाजारात पोरे ओरडली, "काय आजी, वाघोबा जेवला का पोटभर?"

दिवाळी सरण्याआधी वासरू गेले.

ती बातमी मात्र दोन ओळींची होती. ती वाचून हनीफ सर कचेरीत आले.

"सुयश, त्या बाईंचं पूर्ण ऐकलंस?"

"सर, 'आज नको' असं स्पष्ट म्हणाल्या."

"मग आज का नको, ते विचारलंस?"

सुयशने मला खणातून काढले. "लाव त्याला," सर म्हणाले.

तेव्हा कुठे माझे बटण दाबले गेले. भागीबाईंचे बोलणे संपले तेव्हा सविता मॅडम चष्मा काढून नुसत्या टेबलाकडे बघत होत्या. "खुलासा छापू," त्या म्हणाल्या. छापला. आतल्या पानावर, तळाशी, गाद्यांच्या जाहिरातीखाली.

खुलाशानंतर पिंजरा आला, तोही भागीबाईंच्या गोठ्यामागे. सुयश अंक घेऊन पाड्यावर गेला. भागीबाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"लय बारीक हाय रं. चूक मोठ्या अक्षरात अन् माफी बारीक?"

सुयशने मान खाली घातली. "चुकलो, आजी. आता पुन्हा लिहितो, सगळं. तुम्ही म्हणाल तेवढा वेळ बसतो." त्याने फोन पिशवीत ठेवला आणि मला सुरू केले. "हे त्या दिवशीचं तुमचं बोलणं. बरोबर आहे का, ते सांगा."

भागीबाई ऐकत राहिल्या. मग एकदम त्यांनी हात वर केला.

"थांब. जरा मागं घे."

"काही चुकलं का?"

"माझं बोलनं ऱ्हाऊ दे. ती घंटी लाव."

सुयशने लावली. मग त्यांनी न सांगता पुन्हा लावली. रिकाम्या गोठ्यासमोर मी वाजत राहिलो.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या बातम्या लिहील. कोणाच्या दारी त्याच्या देवाबद्दल विचारायला गेलात, तर पहिल्या वाक्यावर उठू नका. लोकांची श्रद्धा तुम्हाला पटलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. मला तरी कुठे सगळी कळते? पण मागून हाक आली तर वळा. हाक मारणारा माणूस बहुधा त्यापुढेच खरे सांगणार असतो.

माझी बॅटरी आता फुगली आहे. मी फार दिवस चालेन असे वाटत नाही. मी जपून ठेवण्यासारखा आहे का, हेही मला ठाऊक नाही. पण सुयशने ती घंटी अजून पुसलेली नाही. तेवढी जपा.